मागितलेलं करडू

मी कोरा चहा पिते. हिंगोलीत कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेलं की हे सांगावं लागतं, आणि सांगितलं की समोरची बाई हमखास विचारते, "पित्ताचा तरास हाय का?" मी हो म्हणते. इतकी वर्षं हो म्हणत आले की नणंदांपासून शाळेतल्या मावशींपर्यंत सगळ्यांना माझं पित्त ठाऊक झालं आहे. कुणी जिरं भिजवून प्यायला सांगतं, कुणी कोकम. मला पित्तबित्त काही नाही. नऊ वर्षांची असताना मी देवाकडे एक गोष्ट मागितली आणि ती मला मिळाली, म्हणून मी दूध पीत नाही.

आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारी उपासनेच्या शेवटी लोक उठून साक्ष देतात. मी मागितलं, प्रभूनं दिलं. पोराला नोकरी लागली, सुनेची कूस उजवली, गाठ साधी निघाली. सांगताना रडतात आणि बाकीचे हालेलुया म्हणतात. मी तेव्हा मान खाली घालून पदराचं टोक मोडत बसायचे. लोकांना वाटायचं, बाई प्रार्थनेत आहे. खरं तर मला भीती वाटत असायची. मागितलेलं देणारा देव कसा असतो ते मला ठाऊक होतं, आणि त्या देवाच्या नजरेला मला पडायचं नव्हतं.

आम्ही तेव्हा शिरड शहापूरला राहत होतो. बाबा तिथल्या शाळेत मास्तर. गावात आमच्यासारखी ख्रिस्ती घरं तीनच. बाकीची औंढ्याला, वसमतला, हिंगोलीला अशी विखुरलेली. सगळी मिळून आमची मंडळी, आणि बाबा तिचं लिहिणं-पुसणं करणारे. बाबा बोलायचे कमी. घरात त्यांच्याकडे काहीही मागितलं तरी उत्तर एकच: "बघू." चप्पल मागा, बघू. जत्रेला न्या म्हणा, बघू. ते बघायचे की नाही कुणास ठाऊक, पण त्या 'बघू'नंतर पुन्हा विचारायची सोय नसायची.

धाकटा भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी लहान. तो झाल्यापासून आमच्या घरातली कौतुकाची सगळी मापं त्याच्याकडे गेली. तो पडला तरी कौतुक, उठला तरी कौतुक. मी त्याचा राग राग करायचे असं नाही. मी त्याला कडेवर घेऊन गावभर हिंडायचे, त्याच्या उजव्या भुवईवरची खोक माझ्याच हातून पडल्यामुळे झालेली. पण त्याच्यासाठी केलेली गोष्ट आणि माझ्यासाठी केलेली गोष्ट यांची तुलना मी मनात सारखी करत असायचे. मोठी मुलं करतातच.

त्यातच संडे स्कूलला पाळकबाईंनी आम्हाला दोन मुलगे असलेल्या बापाची गोष्ट सांगितली. धाकटा सगळं उधळून परत येतो, बाप त्याच्यासाठी मेजवानी मांडतो. थोरला अंगणात रुसून उभा राहतो आणि म्हणतो की मी इतकी वर्षं राबलो, मला तुम्ही कधी साधं करडूसुद्धा दिलं नाही. सगळी पोरं धाकट्याकडून होती. मी एकटी थोरल्याकडून. मला वाटलं, बरोबर आहे त्याचं, एक करडू द्यायला काय झालं होतं?

आमच्या शेजारी एक शिवणकाम करणाऱ्या खाला राहायच्या. त्यांच्या शेळीला दोन करडं झाली होती. एक तांबूस, एक पांढरं शुभ्र. त्या पांढऱ्यावर माझा जीव जडला. मी बाबांना म्हटलं, मला ते करडू पाहिजे. बाबा म्हणाले, "बघू."

त्याच आठवड्यात भावाला ताप भरला. दोन दिवस साधाच वाटला, तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला झटके यायला लागले. औंढ्याहून बोलावलेल्या डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि थेट नांदेडला न्यायला सांगितलं. कुणाची तरी जीप मिळाली. आईनं त्याला मांडीवर घेतलं, बाबा पुढे बसले, आणि मला खालांच्या दारात उभं करून जीप गेली.

आमच्यात कुणी असं अत्यवस्थ झालं की साखळी प्रार्थना धरतात. म्हणजे सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असा दिवस अर्ध्या अर्ध्या तासांत वाटायचा. ज्याला जो अर्धा तास येईल, त्यानं त्या वेळी आपापल्या घरी बसून फक्त त्या आजारी माणसासाठी मागायचं. एकाचा वेळ संपला की दुसऱ्याचा सुरू, मध्ये खंड पडू द्यायचा नाही. ती यादी नेहमी बाबाच करत. पुठ्ठ्यावर तांबड्या पेन्सिलीनं चोवीस चौकोन आखून, शाळेच्या अक्षरात वेळा आणि नावं. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. यादीच्या नकला येष्टीच्या ड्रायव्हरांच्या हातून गावोगाव जायच्या. भावासाठीची यादी बाबांनी जीप यायच्या आधी घाईघाईत, उभ्यानंच केली होती. एक चौकोन भरेना. मी त्यांच्या सदऱ्याला लोंबकळत म्हणत होते, मला द्या, मला द्या. बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि तिथं माझं नाव लिहिलं. दुपारी तीन ते साडेतीन. माझ्या आयुष्यात त्यांनी 'बघू' न म्हणता दिलेली ती पहिली गोष्ट.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या घंटेवरून वेळ धरून मी आमच्या रिकाम्या घरात गेले. स्वयंपाकघरात मागच्या दाराशी गुडघे टेकले, डोळे मिटले. मोठ्या माणसांसारखं मोठ्यानं बोलायला लागले. सुरुवातीला काय बोलले ते मला आठवत नाही. मी पुष्कळदा आठवायचा प्रयत्न केला आहे. तिथं काहीच नाही. पुढचं मात्र लख्ख आठवतं. अर्धा तास लहान मुलाला फार मोठा असतो. परसातल्या लिंबाखाली खालांची शेळी बांधलेली होती आणि ते पांढरं करडू सारखं ओरडत होतं. मला वाटलं, आत्ता देव माझंच ऐकतो आहे, दुसऱ्या कुणाचा नंबर नाही. आणि मी म्हटलं, देवा, मला ते करडू दे. थोरल्याला दिलं नव्हतं, मला दे. पांढरं दे. मी रोज त्याला पाला घालीन. मग मी त्याचं नाव ठरवलं, ते कुठं झोपेल ते ठरवलं, सगळं देवाला समजावून सांगितलं. मी इतकी रंगून गेले की घंटा ऐकलीच नाही. बरोबर साडेतीनला पुढच्या दाराची कडी वाजली, उंबऱ्यावर बाबा खोकले, आणि मी दचकून आमेन म्हटलं. आईचं लुगडं आणि भावाचं पांघरूण न्यायला बाबा नांदेडहून आले होते. त्यांनी मला जवळ घेऊन डोक्यावरून हात फिरवला आणि पाचच्या येष्टीनं परत गेले.

भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

तेव्हा तरी मी माझ्या मागण्याची आणि त्याच्या जाण्याची सांगड घातली नव्हती. मी सगळ्यांसारखी रडले. त्याला माती दिली तेव्हा मला नेलं नाही. आमच्या घरात कुणी जेवत नव्हतं, खाला भाकरी करून आणायच्या आणि दाराशी बसून राहायच्या. असे बारा-पंधरा दिवस गेले असतील. मग एका दुपारी नरसीकडची आत्या आली. तिच्या काखेत पिशवी होती आणि हातात दोरी. दोरीच्या दुसऱ्या टोकाला करडू.

"तुझ्यासाठी हाय गं माय," ती म्हणाली. "धर."

करडू काळं होतं. कानापासून खुरापर्यंत काळं कुळकुळीत. मी दोरी धरली नाही. त्या क्षणी मला सगळं कळलं, असं मला वाटलं. देवानं मला विचारलं होतं, काय पाहिजे? मी सांगितलं होतं, करडू. त्यानं करडू दिलं. ज्याचा अर्धा तास होता त्याचं नाव मी काढलंच नव्हतं, म्हणून त्यानं ते लेकरू नेलं. आणि पांढरं मागितलं तर काळं धाडलं, म्हणजे मला समजावं की त्याला राग आलाय. नऊ वर्षांच्या डोक्यानं केलेला हा हिशेब. त्यात मला पुढे कधीच चूक सापडली नाही, कारण मी तो कुणाला दाखवलाच नाही.

ती शेळी आमच्याकडे कितीतरी वर्षं राहिली. मी तिला पाला घातला नाही, नाव ठेवलं नाही. ती मोठी झाली, तिला पिल्लं झाली. आई धार काढायची. त्यातला पहिला पेला माझ्यासाठी ठेवायची, कारण शेळी माझी. मी तो पेला घेऊन परसात जायचे आणि लिंबाच्या बुडाशी ओतून यायचे. एकदा वळले तर मागच्या दारात बाबा उभे. त्यांनी लिंबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आत गेले. मला वाटलं, आता मार बसणार. काहीच झालं नाही. त्यानंतर आईनं माझ्यासाठी पेला ठेवणं बंद केलं.

पण करडांचं ओरडणं बंद होत नाही. मी लग्न होऊन हिंगोलीला आले, शिक्षिका झाले, मुलगी झाली. इथंही गल्लीत शेळ्या आहेतच. दुपारी वर्गात गणित शिकवताना बाहेर करडू ओरडलं की माझ्या हातातला खडू थांबायचा. पोरं हसायची. मुलगी लहान असताना तापली की मी डॉक्टरकडे धावायचे, औषध द्यायचे, कपाळावर घड्या ठेवायचे, पण तिच्यासाठी देवाकडे मागायचे नाही. मागायला तोंड उघडलं आणि भलतंच निघालं तर? आणि नीटच मागितलं, तरी त्याच्या बदल्यात काय जाईल कोण जाणे. मी फक्त आभार मानायला शिकले. ऊन पडलं, आभार. लाईट आली, आभार. गंमत अशी की त्याचं मंडळीत नाव झालं. पाळकसाहेबांनी एकदा उपदेशात माझं उदाहरण दिलं: आपल्यात एक भगिनी आहे, ती कधी काही मागत नाही, केवळ स्तुती करते. बायका माझ्याकडे वळून बघायला लागल्या. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

त्याच उपदेशात ते म्हणाले होते की कुठला बाप, लेकरानं भाकरी मागितली तर दगड देतो? तुम्ही माणसं वाईट असून पोरांना चांगलं द्यायला जाणता, तर तो स्वर्गातला बाप किती देईल! सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मनात म्हटलं, दगड देत नाही हो, मागितलं तेच देतो. तीच तर भीती आहे.

दोन वर्षांपूर्वी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली. आठवा नुकताच लागला होता आणि एका सकाळी अचानक तिला कळा सुरू झाल्या. इथले डॉक्टर म्हणाले, इथं ठेवू नका. परत नांदेड. आमचे मिस्टर आणि जावई तिला घेऊन गेले. मला जाता आलं नाही, कारण बाबा माझ्याकडे होते. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. बाबा ब्याऐंशीचे, खुब्याचं हाड मोडून बाहेरच्या खोलीत पलंगावर. संध्याकाळी फोन आला: मुलगी झाली, सव्वा किलोची, श्वास घेत नाही नीट, काचेच्या पेटीत ठेवली आहे. डॉक्टर म्हणतात, तीन दिवस काही सांगता येत नाही.

मंडळीला कळायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळकसाहेबांनी व्हॉट्सॲपवर साखळी प्रार्थना जाहीर केली आणि मोबाइलवर भराभर नावं पडायला लागली. मी त्यांना फोन करून सांगितलं, माझं नाव घालू नका, बाबांचं करण्यात वेळ होत नाही. ते म्हणाले, ताई, तुमची नात आहे. मी म्हटलं, म्हणूनच. त्यांना काय कळलं असेल देव जाणे.

बाबांना मोबाइलवरची यादी मान्य नव्हती. "पुठ्ठा दे," म्हणाले. मी साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून दिला, तांबडी पेन्सिल दिली. पलंगावर उशीला टेकून ते चौकोन आखत बसले. एकही रेघ सरळ येईना. मी एकेक नाव वाचत होते, ते लिहीत होते. तेवीस झाली. मी पुठ्ठा बघितला. तीन ते साडेतीनच्या चौकोनात त्यांनी काही न विचारता लिहून ठेवलं होतं: माय. लहानपणापासून ते मला तेच म्हणत.

"बाबा, हे खोडा," मी म्हटलं.

"काहून?"

"मला जमणार न्हाई."

"तो तुझाच हाय," बाबा म्हणाले. "पहिल्यापासून तुझाच."

माझ्या हातात त्यांची वाटी होती, दुधात कुस्करलेली भाकरी. ती मी खाली ठेवली आणि मला रडू फुटलं. साधं रडणं नाही, पोटातून हुंदके. ब्याऐंशी वर्षांच्या आजारी बापापुढे मी, स्वतः आजी झालेली बाई, पलंगाच्या पायाशी बसून नऊ वर्षांच्या पोरीसारखी बोलत सुटले. त्या दिवशी मी भावासाठी मागितलंच नाही बाबा. मी करडू मागितलं. आणि देवानं करडू दिलं आणि त्याला नेलं. माझ्यामुळं गेला तो. आता मी या लेकरासाठी तोंड उघडणार नाही.

बाबांनी पेन्सिल पुठ्ठ्यावर ठेवली. मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसेल. मग ते म्हणाले, "पांढरं."

"काय?"

"पांढरं मागितलं होतंस तू. मी ऐकलं ना. तीन वाजून दहा-पंधरा मिनटं झाली असतील, नांदेडहून आलो मी. चप्पल काढली आन् तुझा आवाज आला. आत आलो असतो तर साखळी तुटली असती. म्हणून दाराआड उभा राहिलो, घंटा होईस्तोर. मग पुन्हा बाहेर गेलो, कडी वाजवली, खोकलो."

मी पदरानं तोंड पुसलं.

"त्याला माती दिली," बाबा म्हणाले, "आन् मला दुसरं काहीच सुचेना. एका लेकराला काय पाहिजे होतं ते मला देता आलं न्हाई. दुसरीला काय पाहिजे ते मला ठावं होतं. खालाकडं गेलो तर पांढरं तवर दिलं गेलतं. मंग सायकलवर तीन गावं हिंडलो. लोक म्हणले असतील, मास्तरचं पोरगं गेलं आन् मास्तर करडं बघून राहिला. पांढरं कुठं मिळालं न्हाई. आत्याला चिठ्ठी धाडली, मिळंल ते आण, आन् मी सांगितलं म्हणू नको."

"काहून न्हाई सांगितलं मला?" मी जवळजवळ ओरडलेच. "चाळीस वर्षं, बाबा!"

"तू देवाकडं मागितलं होतंस. माझ्याकडं मागितलं तवा मी बघू म्हणलो होतो."  त्यांना दम लागला होता. "मी दिलं म्हणून सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, देवानं न्हाई दिलं. भाऊ बी न्हाई, करडू बी न्हाई. मला वाटलं, एक तरी त्याच्याकडून मिळालं असं पोरीला वाटू द्या. मंग तू दूध लिंबाला घालताना दिसलीस. मला वाटलं, काळं आणलं म्हणून."

म्हणजे त्यांच्याकडेही असं ओझं होतं. माझ्याइतकीच वर्षं, त्याच घरात, पलीकडच्या खोलीत. मी शेळीकडे देवाचा राग म्हणून बघत होते आणि ते तिच्याकडे आपली चूक म्हणून बघत होते, आणि आई दोघांच्या मधे बसून धार काढत होती. मला त्यांचा भयंकर राग आला. त्यांचे पाय धरून रडावंसंही वाटलं. दोन्ही एकदम.

मी विचारलं, "बाबा, मी त्याच्यासाठी मागितलं होतं का? सुरुवातीला? तुम्ही ऐकलं का?"

आयुष्यभर मला हे कुणाला तरी विचारायचं होतं. बाबांनी डोळे मिटले. हो म्हणायला त्यांना काय लागत होतं? मी त्याच्यावर विश्वास ठेवला असता.

"मी आलो तवा करडूच चाललं होतं," ते म्हणाले. "आधीचं मला ठावं न्हाई."

मग त्यांनी माझा हात शोधला आणि धरला. "त्याच्यासाठी मी मागत होतो ना. दाराआड. तू आतून तुझं मागून राहिली होतीस, मी बाहेरून माझं. त्याला काय एकाच वक्ताला एकच ऐकू येते? आन् मला एक सांग माय. मी करडू आणलं ते तुझ्या भावाच्या बदल्यात आणलं व्हय? असा सौदा मी केला असता? मी एवढा बघू बघू करणारा माणूस, माझ्या बी मनात तसलं आलं न्हाई. आन् त्याच्या मनात आलं असंल, असं तुला वाटून राहिलं?"

 पाळकसाहेबांनी हेच सांगितलं होतं, आणि तेव्हा मी माझा हिशेब धरून बसले होते. पण आता तो पलंगावर पडलेला माणूस समोर होता. सायकलवरून उन्हात पांढरं करडू शोधत हिंडणारा बाप मला दिसत होता. त्याच्यापेक्षा देव कोता असेल, असं म्हणायला जीभ वळेना.

"मंग तो काहून गेला, बाबा?"

"ते मला ठावं न्हाई," बाबा म्हणाले. "मी रोज विचारतो."

नात वाचली, हे इथंच सांगून टाकते. बाविसाव्या दिवशी घरी आली, आता घरभर पळते आणि दिसेल ते मागते. ती माझ्या मागण्यामुळे वाचली असं मी म्हणणार नाही. कधीच नाही. भावासाठीही चोवीस माणसं बसली होती, आणि त्यातली तेवीस तरी नीट मागत होती. एक घरी येतं आणि एक येत नाही, याचा उलगडा मला झालेला नाही. बाबांनाही झाला नव्हता. ते त्यानंतर एक पावसाळा काढून गेले. करडू ओरडलं की माझा हात अजून थांबतो. आणि कधी कधी दुपारी रिकाम्या घरात पुढच्या दाराशी कुणीतरी उभं आहे असं वाटतं. मी उठून बघत नाही. असेल तर असू दे.

मला सांगायचं आहे ते त्या दुपारच्या अर्ध्या तासाचं. पावणेतीनला मी बाबांना पाणी दिलं, त्यांच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि स्वयंपाकघरात गेले. मागच्या दाराशी गुडघे टेकले. सवयीनं आभार मानायला लागले आणि मधेच थांबले. मग मोठ्यानं म्हटलं, देवा, मला ते लेकरू पाहिजे. आवाज चिरका आला. पुन्हा म्हटलं. तिचा श्वास पाहिजे, तिचं वजन पाहिजे, तिला दात यायला पाहिजेत, तिनं माझ्या वर्गात बसायला पाहिजे, तिनं हट्ट करायला पाहिजे. गोरी दे, काळी दे. एकदा सुरू झाल्यावर मला थांबताच येईना. चाळीस वर्षं अडवून ठेवलेलं सगळं मी मागितलं, लाज सोडून, हावऱ्यासारखं.

आणि मग माझ्या तोंडून भावाचं नाव निघालं. मी ते किती वर्षांत उच्चारलं नव्हतं. त्याला माती देऊन चाळीस वर्षं झाली हे मला कळत होतं. तरी मी मागितलं. म्हटलं, देवा, माझा भाऊ आहे, चार वर्षांचा, उजव्या भुवईवर खोक आहे, नांदेडला नेलाय. त्याचे झटके थांबू देत. त्याला उद्या सकाळी उठू दे. तो वेळ माझा होता आणि त्याच्यासाठीच दिलेला होता, म्हणून मी तो पुरा होईपर्यंत त्याच्यासाठी मागत राहिले.

बरोबर साडेतीनला बाहेरच्या खोलीतून बाबांचा खोकला ऐकू आला.